शाब्दिक उदाहरण सुटत नाही? आधी 'मानू'ची ओळ नीट लिहा

नववी-दहावीच्या बीजगणितात पोरं आकडेमोडीत कमी अडतात, पहिल्या ओळीवर जास्त. म्हणून एकच उदाहरण सावकाश बघू.

लातूरच्या मोंढ्यात एका शेतकऱ्यानं सोयाबीन आणि तूर मिळून २० पोती आणली. सोयाबीनचं पोतं ६० किलोचं, तुरीचं ५० किलोचं. माल भरला ११ क्विंटल ४० किलो. तर कशाची किती पोती?

आधी शेवटचं वाक्य वाचा. जे विचारलंय तेच मानायचं: सोयाबीनची पोती क्ष, तुरीची पोती य मानू. नुसतं 'सोयाबीन = क्ष' लिहू नका. क्ष म्हणजे पोती की किलो, हा घोळ तिथूनच सुरू होतो. मग एकक सारखं करा. क्विंटलचे १०० किलो, म्हणजे माल ११४० किलो. आता पोत्यांचं एक समीकरण, वजनाचं दुसरं:

क्ष + य = २०
६०क्ष + ५०य = ११४०

पहिल्याला ५०नं गुणलं की ५०क्ष + ५०य = १०००. हे दुसऱ्यातून वजा करा. १०क्ष = १४०, म्हणून क्ष = १४ आणि य = ६. य पहिल्या समीकरणातून काढला, तर ताळा दुसऱ्यात घ्या: ८४० + ३०० = ११४०. जमलं. पोती साडेचौदा आली असती, तर ताळ्याआधीच मागं फिरायचं.

भूमितीत 'मानू'ची जागा आकृती घेते. मोठी काढा, मापं तिच्यावरच लिहा, मग पक्ष (काय दिलंय) आणि साध्य (काय सिद्ध करायचंय) लिहा.

गोठ्याचा पाया आखताना गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण करतो, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांतलं तिरकं अंतर ५ फूट भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. ९ + १६ = २५, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कारण म्हणून 'पायथागोरसचं प्रमेय' लिहिलं की चुकलं. काटकोन दिलेला असून बाजू काढायची असेल तर प्रमेय. बाजू दिलेल्या असून काटकोन दाखवायचा असेल तर प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे त्याचं उलट विधान. तपासताना सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग एकटा ठेवा, उरलेल्या दोघींच्या वर्गांची बेरीज वेगळी करा. बाजू ७, ८, १० असतील तर ४९ + ६४ = ११३, आणि १० चा वर्ग १००; तो त्रिकोण काटकोन नाही.