फोटो क्लाऊडवर आहेत तरी फोन फुल का?

गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू केला म्हणजे फोनमधली जागा आपोआप मोकळी होते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं, बॅकअप म्हणजे फक्त एक कॉपी वर क्लाऊडवर, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर गेली, मूळ फोटो फोनमध्येच बसलेला असतो. तो काढायला अ‍ॅपमध्ये वर उजवीकडे आपल्या प्रोफाइल फोटोवर टॅप करायचं आणि 'फ्री अप स्पेस' दाबायचं, मग वर पोचलेल्याच फोटो-व्हिडिओंच्या फोनमधल्या कॉप्या जातात, बाकीचं जिथल्या तिथे राहतं.

आणि इथंच लोक फसतात. त्याच अ‍ॅपमध्ये फोटो सिलेक्ट करून साधं डिलीट केलं ना, तर तो क्लाऊडवरूनही जातो! बॅकअप झालेला असेल तर ट्रॅशमध्ये ६० दिवस मिळतो, नंतर विसरा. म्हणून फोनमधून काढायचं तर 'फ्री अप स्पेस'च वापरा.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं. अँड्रॉइडवर त्याच्या फोटोंचा फोल्डर सहसा गूगल फोटोजच्या बॅकअपमध्ये नसतो, वेगळा चालू करावा लागतो, पण मी म्हणतो करूच नका, कारण रोजची गुड मॉर्निंगची फुलं वर साठवून काय करणार? फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांत मिळून असतात. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज' उघडा, ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स वेगळ्या दिसतात, लग्नाचे व्हिडिओ तिथंच सापडतील, हवे ते ठेवा बाकीचे उडवा.