आई-बाबांना घेऊन युटा-ॲरिझोनाची उन्हाळी रोड ट्रिप: या चुका टाळा

मे महिना लागला की भारतातून आई-बाबा, सासू-सासरे यायला सुरुवात होते आणि इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी घरांमध्ये एकच बेत शिजू लागतो. लास व्हेगसहून निघायचं, झायन, ब्राइस, आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली, पेज, ग्रँड कॅनियन करत परत व्हेगस. मी फीनिक्सजवळ राहते. हा फेरा मी चार वेळा केला, त्यातले तीन ऐन उन्हाळ्यात, कारण मुलांच्या सुट्ट्या आणि पाहुण्यांचा मुक्काम दोन्ही तेव्हाच असतात. लोक मला विचारतात, "किती दिवस पुरतील?" मी उलट विचारते, "सकाळी किती वाजता उठाल?" या प्रदेशात उन्हाळ्याचा बेत सूर्याच्या घड्याळावर बांधायचा असतो. बहुतेक चुका होतात त्या नकाशावरचे मैल मोजत बेत आखल्यामुळे.

नकाशा म्हणतो, झायन ते ब्राइस सुमारे 85 मैल, दोन तासांच्या आत. हिशेब खराच आहे. म्हणून लोक सकाळी नऊला आरामात नाश्ता करून निघतात, अकराला पोचतात, बारा ते तीन उन्हात फिरतात आणि संध्याकाळी, जेव्हा दगडांना खरा रंग चढतो, तेव्हा पुढच्या हॉटेलच्या रस्त्यावर असतात. हे पूर्ण उलटं करा. पहाटे साडेपाचला ट्रेलवर, दहाला परत. दहा ते चार गाडी चालवणं, जेवण, व्हिजिटर सेंटर, झोप. पाचनंतर पुन्हा बाहेर. ग्रँड कॅनियनचे रेंजरही उन्हाळ्यात हेच सांगतात: सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात दरीत चालू नका.

गडाचा अनुभव इथे उलटा पडतो

हा मुद्दा मी जरा सविस्तर सांगते, कारण आपली माणसं नेमकी इथेच फसतात. आपल्याला सवय सह्याद्रीची. गड आधी चढायचा, दम लागला की बसायचं, फारच झालं तर मागे फिरायचं, उतार सोपा. ग्रँड कॅनियनमध्ये आधी उतार आहे. पाय आपोआप पडत जातात, वारा गार असतो आणि दमल्याचं कळतं तेव्हा पूर्ण चढ शिल्लक असतो, तोही डोक्यावर ऊन आल्यावर. शिवाय साउथ रिमची, म्हणजे दरीच्या दक्षिण काठाची, उंची सुमारे 7000 फूट, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जास्त. हवा विरळ. जुलैत वर काठावर दुपारचं सरासरी तापमान 29 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि तळाशी 41. जितकं खाली जाल तितकं गरम.

माझे बाबा साताऱ्याचे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी जाणारे. ब्राइट एंजल ट्रेलवर ते आमच्या पुढे उतरत होते आणि मी त्यांना थांबवलं नाही. दीड मैलावरच्या विसाव्यापर्यंत गेलो. परतताना एका वळणावर ते सावलीत टेकले, तेव्हा त्यांच्या गडद निळ्या शर्टाच्या पाठीवर मला एक पांढरी, खरखरीत रेघ दिसली. हात लावला तर मीठ. शर्ट ठणठणीत कोरडा होता. ते म्हणत होते, "अगं, मला घामच आला नाही, तहान कसली?" घाम आला होता, पण इतक्या कोरड्या हवेत तो कातडीवर टिकतच नव्हता. मुंबईत, कोकणात घाम निथळतो म्हणून आपण पाणी पितो. इथे ती खूणच मिळत नाही.

त्या दिवशी आम्ही तासभर तिथेच बसलो. बाबांच्या टोपीवर आणि मानेवर पाणी ओतलं, खारे शेंगदाणे आणि लिंबू-मीठ-साखरेचं सरबत थोडं थोडं दिलं आणि मगच हळूहळू वर आलो. तेव्हापासून माझा नियम: उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरायचा आणि एकूण वेळेचा तिसरा हिस्सा संपला की पाय मागे वळवायचे. समोरचं वळण कितीही सुंदर दिसो.

नुसतं पाणी ढोसत राहणं ही याच्याच जोडीची चूक. घामातून मीठ जातं. ते भरून न काढता लिटरच्या लिटर पाणी प्यायल्यास रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ आणि गुंगी येते आणि माणूस समजतो की अजून पाणी हवं. खारा चिवडा, मेतकूट लावलेला भात, कोकम सरबत, खाकरे हे सगळं इथे औषधासारखं कामी येतं. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं इथवर असेल तर सावली, ओले कपडे आणि खारं खाणं. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओतत राहा आणि 911 लावा. आई-बाबांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर भारतातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना उन्हाबद्दल विचारून घ्या. इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नका, थंड पेटीत बरोबर न्या.

आभाळ निळं आहे म्हणजे पाऊस नाही, असं समजणं

इथेही मॉन्सून असतो, साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. आपल्यासारखी संततधार नाही. दुपारी ढग जमतात, तासभर कोसळतात. घोटाळा असा की पाऊस पडतो एकीकडे आणि लोंढा येतो दुसरीकडे. उघडा खडक पाणी शोषत नाही आणि सगळं पाणी अरुंद घळीत शिरतं. 12 ऑगस्ट 1997 ला पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये 11 पर्यटक असेच वाहून गेले. पाऊस झाला होता कित्येक मैल दूर. 14 सप्टेंबर 2015 ला झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये सात जण दगावले. झायनच्या नॅरोज ट्रेलवर नदीच्या पात्रातूनच चालायचं असतं, तेव्हा त्या सकाळी व्हिजिटर सेंटरच्या फळ्यावर लोंढ्याचा इशारा वाचल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या, दुरून घरघर ऐकू आली, की फोटो सोडा आणि उंचावर चढा. दरीच्या काठावर असताना ढग गडगडले तर कठड्यापासून दूर होऊन गाडीत बसा.

घड्याळाचा घोळ

उन्हाळ्यात युटाचं घड्याळ ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे असतं, कारण ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही. पण ॲरिझोनातच असलेला नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या मूळनिवासी लोकांचा स्वायत्त प्रदेश, बदलतो. आणि त्या नवाहो प्रदेशाने वेढलेला होपी या दुसऱ्या मूळनिवासी लोकांचा प्रदेश मात्र बदलत नाही. पेजजवळ फोन कधी एका टॉवरची वेळ दाखवतो, कधी दुसऱ्याची. अँटिलोप कॅनियन नवाहो जमिनीवर असूनही तिथल्या टूर ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. मॉन्युमेंट व्हॅलीत मात्र नवाहो वेळ. आम्ही पेजहून मॉन्युमेंट व्हॅलीला निघालो ते फोनवर विसंबून, आणि जीप टूर तासापूर्वीच निघून गेली होती. आता मी प्रत्येक बुकिंगला फोन करून "तुमच्याकडे आत्ता किती वाजले?" एवढंच विचारते आणि वहीत लिहून ठेवते.

पास आणि परवाने

1 जानेवारी 2026 पासून नॅशनल पार्कचे दर बदललेत. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास 80 डॉलर, परदेशी पाहुण्यांसाठी 250. पास नसेल तर ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस धरून 11 पार्कमध्ये 16 वर्षांच्या आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या फीवर माणशी 100 डॉलर जादा. आई-बाबा बरोबर असतील तर हा हिशेब घरीच करा आणि गेटवर ओळखपत्रं हाताशी ठेवा. हा पास मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅनियनला चालत नाही. त्या नवाहो लोकांच्या जागा आहेत, फी वेगळी, आणि अँटिलोपमध्ये वाटाड्याशिवाय जाताच येत नाही. झायनच्या एंजल्स लँडिंग या कड्यावरच्या ट्रेलला 2022 पासून परवाना लागतो, तो सोडतीत मिळतो. झायनच्या मुख्य दरीत उन्हाळ्यात स्वतःची गाडी नेता येत नाही. शटल फुकट आहे, पण व्हिजिटर सेंटरचं पार्किंग सकाळी लवकर भरतं. म्हणजे इथेही पुन्हा तेच, पहाटे उठा.

गाडीबद्दल थोडक्यात. आय-70 हायवेवर ग्रीन रिव्हर ते सलायना हे सुमारे 110 मैल, मध्ये ना पेट्रोल ना पाणी. टाकी अर्धी झाली की भरायची, दर बघायचा नाही. नकाशे आधीच फोनवर उतरवून घ्या आणि कागदी नकाशाही ठेवा. लांब चढावर इंजिनचा काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा. उकडेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडेल. तरीही काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन बॉनेट उघडा, गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. गाडी बंद पडलीच तर गाडीपाशीच थांबा. वाळवंटात गाडी शोधणं सोपं, चालत निघालेला माणूस शोधणं अवघड. अंधार पडल्यावर शक्यतो गाडी चालवू नका. हरणं आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात.

"व्हेगसपासून दोनच तास आहे" म्हणून जुलैत डेथ व्हॅली जोडण्याचा मोह होतो. 10 जुलै 1913 ला फर्नेस क्रीकला 56.7 अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन तिथे उन्हाळ्यात जाऊ नका, एवढंच म्हणेन. नोव्हेंबरनंतर जा.

आर्चेसमध्ये डेलिकेट आर्चची वाट जाऊन-येऊन तीन मैल, 480 फूट चढ आणि सावली जवळजवळ नाहीच. लोक सूर्यास्ताला जातात, ते उत्तम, पण परतताना अंधारात उघड्या खडकावरून उतरावं लागतं. प्रत्येकाकडे डोक्याला लावायचा दिवा हवा, फोनचा नको. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खालच्या व्ह्यूपॉइंटवरून कमान दुरून दिसते. आईला आम्ही तिथे खुर्ची टाकून दिली आणि मावशी बरोबर बसली.

आणि एवढं उन्हाचं वाचून स्वेटर घरी ठेवू नका. ब्राइसचा काठ 8000 ते 9000 फुटांवर आहे, जूनमध्येही पहाटे हुडहुडी भरते. सनराइज पॉइंटवर आईने नऊवारीवर माझं जॅकेट चढवलं होतं, थर्मासमधला आल्याचा चहा दोन्ही हातांत धरला होता. पहिलं ऊन त्या केशरी सुळक्यांवर पडलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. दहाला आम्ही खोलीवर परतलो आणि पडदे ओढून चारपर्यंत झोपलो.