छर्रे निवडताना: दहा मीटरच्या नेमबाजीत सारखेपणा कसा साधायचा

काडतूस घरी भरणं आपल्याकडे परवान्याखालची गोष्ट आहे, त्यामुळे जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या बहुतेक मुलामुलींची नेमबाजी 4.5 मिमीच्या एअर रायफलवरच सुरू होते. तिथे भरायला दारू नसते. पण एकासारखा दुसरा शॉट जायचा असेल तर निवड, तपासणी आणि नोंद यांचं काम तेवढंच बारकाईनं करावं लागतं.

आधी किती बारकाईनं, ते आकड्यांत पाहू. दहा मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त 0.5 मिमीचा. दशांशात गुण मोजताना प्रत्येक 0.1 गुण म्हणजे केंद्रापासून 0.25 मिमी. 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं शेवटचा शॉट 10.8 मारला, म्हणजे छर्र्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत होतं. मॅच रायफलचा छर्रा साधारण 170 मीटर प्रति सेकंद वेगानं निघतो आणि दहा मीटर जाईपर्यंत 17-18 मिमी खाली येतो. वेग 5 मीटरनं कमी पडला तर तो आणखी जवळपास 1 मिमी खाली लागतो. नेम तोच, ट्रिगर तोच, तरी 0.4 गुण गेले.

म्हणून काम कोणत्या क्रमानं करायचं हे महत्त्वाचं. आधी बॅच, मग छर्र्याचा घेर (म्हणजे त्याची मागची पातळ कड), मग छर्रा बॅरलमध्ये बसवणं, आणि वजन सगळ्यांत शेवटी. अनेक जण नेमकं उलटं करतात. काटा घेऊन संध्याकाळ घालवतात आणि वाकड्या घेराचे छर्रे तसेच मारतात.

बॅच म्हणजे लॉट, एकाच वेळी बनलेल्या छर्र्यांचा गठ्ठा. त्याचा नंबर डब्यावर छापलेला किंवा चिकटवलेला असतो. कंपनी तीच, मॉडेल तेच, पण लॉट बदलला की तुमच्या बॅरलला तो मानवेलच असं नाही. छर्र्याच्या डोक्याचा, म्हणजे पुढच्या भागाचा, व्यासही वेगवेगळा मिळतो: 4.49, 4.50, 4.51. हा फरक साध्या व्हर्नियरनं मोजायला जाऊ नका. शिसं मऊ असतं, जबड्यात दाबलं जातं आणि चुकीचा आकडा मिळतो. प्रत्येक व्यासाचा एकेक डबा आणून बॅरललाच विचारायचं.

त्यासाठी रायफल शिकंज्यात धरा. लाकडाला किंवा स्टॉकलाच पकड द्या, बॅरलला किंवा हवेच्या सिलेंडरला नाही, आणि मध्ये रबर घाला. मागे भक्कम भिंत आणि छर्रे अडवणारी पेटी हवी, डोळ्यांवर चष्मा हवा, समोर कुणी जात असेल तेव्हा बोल्ट उघडा हवा. नवा लॉट लावल्यावर पहिले 20-30 शॉट मोजू नका. आधीच्या छर्र्यांचं शिसं आणि वंगण बॅरलमध्ये असतं, ते निघून जाऊ द्या. मग जाड कार्डावर एकाच जागी नेम धरून दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप घ्या. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातून 4.5 वजा करा. उरलेला आकडा 2.5 मिमीच्या आत असेल, तर त्या ग्रुपचा मध्य टार्गेटच्या मध्यावर आणल्यावर सगळे शॉट 10.5 च्या आसपास किंवा त्याहून वर राहतात. एकच ग्रुप छान आला म्हणून लॉट पसंत करू नका. तिन्हींची सरासरी बघा.

आता घेर. छर्र्याची कंबर बारीक असते, पुढे सपाट डोकं आणि मागे पोकळ, पातळ घेर, ज्याला रेंजवर स्कर्ट म्हणतात. हवा मागून दाबते तेव्हा हाच घेर फुगून बॅरलला चिकटतो. तो एका बाजूला जरा जरी दबलेला असला, तर हवा तिथून निसटते, वेग पडतो आणि छर्रा बाहेर पडताना डोलतो. डब्यात पाचशे छर्रे सुटे असतात. मोटारसायकलच्या डिकीत तो डबा खडखडत रेंजवर नेला की घेर एकमेकांवर आपटून चेपतात. झाकणाखाली स्पंजची चकती घाला, एवढ्यानंही नुकसान बरंच कमी होतं.

तपासायला दोन फूट काच घ्या आणि एका टोकाखाली आगपेटीची काडी ठेवून अगदी किंचित उतार द्या. छर्रा आडवा ठेवून सोडा. डोकं आणि घेर यांच्या व्यासांत थोडा फरक असतो, म्हणून तो सरळ जात नाही, वळण घेत जातो. चांगले छर्रे एकाच वळणानं जाऊन जवळपास एकाच जागी थांबतात. अडखळत, टपटप करत जाणारा किंवा भलतीकडे वळणारा वेगळा काढा. मग तेवढेच घड्याळजीच्या भिंगाखाली धरा: घेर अंडाकृती झालाय का, आत शिशाचा कीस चिकटलाय का, डोक्याच्या कडेला खाच आहे का. बाद छर्रे फेकू नका. ट्रिगरचा सराव करायला ते चालतात.

वजनासाठी मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो, सराफाकडे असतो तसा. जळगावसारख्या सोन्याच्या गावात असा काटा परका नाही. रायफलचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा, म्हणजे साडेचार गुंजांना किंचित कमी. पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवा. झुळूक लागली की शेवटचा आकडा नाचतो. मे महिन्यात हे काम पहाटेच होतं. 5 मिलिग्रॅमचा फरक म्हणजे जवळपास 1 टक्का. एवढ्यानं छर्रा 0.2 मिमीपेक्षाही कमी खालीवर होतो, म्हणजे दशांशाच्या एका टप्प्याइतकाही नाही. म्हणून सगळे तोलत बसण्यात अर्थ नाही. स्पर्धेच्या डब्यातले तोला आणि फार हलके-जड तेवढे बाजूला काढा.

छर्रे धुऊ नका आणि तेल लावू नका. स्प्रिंगच्या रायफलमध्ये तेल दाबानं पेट घेतं आणि तो शॉट भलताच वेगानं जातो. कूलरच्या ओलाव्यात किंवा पावसाळ्यात उघडा डबा राहिला तर शिशावर पांढरी भुकटी येते. ते छर्रे मारू नका, भुकटी फुंकूही नका, कारण शिसं पोटात जाणं वाईट. काम झालं की हात साबणानं धुवायचे, मगच डब्यातली भाकरी. लहान मुलांच्या हाती डबा पडू देऊ नका.

बसवताना छर्रा तिरका गेला की कड सोलली जाते. अंगठ्यानं बसवत असाल तर प्रत्येक वेळी तेवढाच दाब द्या आणि घेर बॅरलच्या तोंडाशी बरोबर येईपर्यंतच ढकला.

हवेचंही बघा. सिलेंडर 25 अंशांना 200 बार भरला आणि भुसावळच्या 45 अंशांत नेला तर दाब साधारण 213 होतो. म्हणून उन्हाळ्यात थोडा कमी भरा, बंद गाडीत तर कधीच ठेवू नका, आणि सिलेंडरवर ठोकलेली मुदत तपासा. वेगमापक मिळाला तर 20 शॉट मोजा. रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) ठीक असेल तर सगळे 3-4 मीटरच्या आत राहतात. फरक त्याहून मोठा असेल तर आधी रेग्युलेटर दाखवून घ्या, छर्र्यांना दोष नंतर द्या.

लॉट जुळला की त्याच नंबरचे डबे एकदम घ्या. रोज 100 शॉट, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 2500 छर्रे, पाच डबे. स्पर्धेच्या 60 शॉटचे आणि सायटिंगचे (आधी नेम जुळवून घ्यायच्या शॉटचे) छर्रे तपासून वेगळ्या खणांच्या ट्रेमध्ये ठेवा. लॉट, व्यास, ग्रुप आणि तारीख मार्करनं डब्याच्या तळाला लिहा. झाकणावर नको, कारण रेंजवर झाकणं अदलाबदल होतात.