आयटीआयला निघालेल्या पोरांसाठी : व्याख्या हाताने कशा शिकायच्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून दरवर्षी चार-दोन पोरं आयटीआयला लागतात. कोणी फिटर, कोणी टर्नर, कोणी इलेक्ट्रिशियन. मी फिटर ट्रेड करून आधी जिनिंगमध्ये काम केलं, आता बुटीबोरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. सणावाराला गावी गेलो की पोरं वह्या घेऊन येतात. अक्षर सुरेख, व्याख्या लाल पेनने चौकटीत. "टॉलरन्स म्हणजे काय?" विचारलं की एका दमात वाक्य येतं. मग बुश (शाफ्ट म्हणजे फिरता दांडा ज्यात बसतो ती पोकळ नळी) हातात देऊन "यात दाखव" म्हटलं की पोरगं माझ्याकडे पाहत राहतं.

यात दोष पोरांचा नाही. परीक्षा चार पर्यायांची असते, तिथे वाक्यातले दोन शब्द ओळखले तरी खूण बरोबर पडते. कारखान्यात मात्र पर्याय कोणी देत नाही, सरळ जॉब देतात. म्हणून नव्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे : कोणतीही व्याख्या तीन गोष्टींसकट शिका. ती कोणत्या वस्तूत दिसते, तिचा आकडा किती, आणि तिच्या शेजारची व्याख्या कोणती. या शेजारणीशी घोटाळा झाला की सगळं गेलं.

टॉलरन्स आणि अलाउन्स ही सगळ्यात जास्त गोंधळ करणारी जोडी. ड्रॉइंगवर २५ एच ७/जी ६ (25 H7/g6) असं लिहिलेलं असतं. इंग्रजी कॅपिटल अक्षर छिद्रासाठी, स्मॉल अक्षर शाफ्टसाठी. आपल्याकडे हे सगळं आयएस ९१९ या भारतीय मानकात दिलेलं आहे. तक्ता उघडला की कळतं, छिद्र २५.००० ते २५.०२१ मिमीच्या दरम्यान चालेल आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ च्या दरम्यान. आता वही घ्या आणि वजाबाकी करा. छिद्राच्या दोन मर्यादांतला फरक ०.०२१, हा छिद्राचा टॉलरन्स. शाफ्टचा ०.०१३. म्हणजे टॉलरन्स ही एकाच भागाची गोष्ट झाली. टूल झिजतं, जॉब तापतो, कारागिराचा हातही रोज सारखा चालत नाही, त्यामुळे प्रत्येक नग बरोबर २५.००० चा निघणं शक्य नसतं. म्हणून ही सूट.

अलाउन्स काढताना मात्र दोन्ही भाग समोर ठेवावे लागतात. सगळ्यात लहान छिद्र २५.०००, सगळ्यात मोठा शाफ्ट २४.९९३, फरक ०.००७. ही जागा चुकून उरलेली नाही, मुद्दाम ठेवलेली आहे, शाफ्ट मोकळा फिरावा आणि मध्ये तेलाला जागा मिळावी म्हणून. उलट टोकाला सगळ्यात मोठं छिद्र आणि सगळ्यात लहान शाफ्ट भेटले तर क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली मोकळी जागा, ०.०४१ पर्यंत जातो, तरीही जोडणी पासच. आता जी ६ च्या जागी पी ६ ठेवून पाहा. शाफ्ट २५.०२२ ते २५.०३५ होतो. सगळ्यात लहान शाफ्टसुद्धा सगळ्यात मोठ्या छिद्रापेक्षा एका मायक्रॉनने (०.००१ मिमी) जाड. हा इंटरफिअरन्स फिट, हाताने बसणार नाही, प्रेसवर दाबावा लागेल. एवढं एक गणित स्वतः सोडवलं की क्लिअरन्स, इंटरफिअरन्स, लिमिट, टॉलरन्स, अलाउन्स या पाच व्याख्या पुन्हा घोकाव्या लागत नाहीत. ट्रान्झिशन फिट मी मुद्दाम सोडला आहे. तक्त्यात एच ७ समोर के ६ शोधा आणि तुम्हीच करून पाहा.

इथूनच लीस्ट काउंटकडे, म्हणजे उपकरण वाचू शकतं त्या सगळ्यात लहान मापाकडे जा, पुस्तकातला क्रम काहीही असो. मायक्रोमीटरच्या स्पिंडलची पिच ०.५ मिमी (एका फेऱ्यात तो तेवढा सरकतो), थिंबलवर, म्हणजे फिरत्या नळीवर, ५० भाग, म्हणून एक भाग ०.०१ मिमी. व्हर्नियरमध्ये मुख्य पट्टीच्या ४९ मिमीचे ५० भाग केलेले, म्हणजे एक भाग ०.९८ आणि फरक ०.०२. हे सगळे पाठ करतात. पण वरचा शाफ्ट २४.९९३ पर्यंतच हवा असेल तर ०.०२ चा व्हर्नियर काय कामाचा? साधा मायक्रोमीटरही शेवटचे ३ मायक्रॉन खात्रीने दाखवत नाही. त्यासाठी ०.००१ वाचणारा मायक्रोमीटर लागतो. छिद्र तपासायला गो-नो गो गेज असतो. त्याची गो बाजू २५.००० ची, ती आत गेली पाहिजे. नो गो बाजू २५.०२१ ची, ती जाता कामा नये.

पिच आणि लीड लवकर आटोपतं. वर्कशॉपच्या बेंच व्हाइसचं हँडल बरोबर एक फेरा फिरवा आणि जबडा किती सरकला ते मोजा, ते लीड. दोन लगतच्या आट्यांमधलं अंतर ही पिच. व्हाइसचा स्क्रू सिंगल स्टार्ट, म्हणजे एकच आटा गुंडाळलेला, असल्याने दोन्ही सारखे येतात. फ्लाय प्रेसचा स्क्रू मल्टिस्टार्ट, म्हणजे एकापेक्षा जास्त आटे सोबत गुंडाळलेला, असतो, तिथे लीड म्हणजे पिच गुणिले स्टार्टची संख्या. म्हणून तो थोड्याच फेऱ्यात झपकन खाली येतो.

हार्डनेस आणि टफनेससाठी कानस पाहा. कानस हाय कार्बन स्टीलची, कडक केलेली, म्हणून माइल्ड स्टील घासते. पण तीच कानस पारईसारखी अडकवून जोर दिला तर वाकत नाही, काडकन तुटते. कडकपणा आहे, चिवटपणा नाही. माइल्ड स्टीलची सळई उलट, ओरखडा लगेच पडतो पण वाकून तग धरते. कानशीचं मुठीत जाणारं टोक, म्हणजे टँग, याच कारणाने नरम ठेवलेलं असतं. मात्र हा प्रयोग कधीही करून पाहू नका. कानशीवर हातोडी मारली तर तुकडा थेट डोळ्यात जाऊ शकतो.

इलेक्ट्रिशियनच्या पोरांनी गावातल्या आटाचक्कीवर जावं. मोटरची नेमप्लेट कापडाने पुसा आणि वहीत उतरवा. साधारण ५ एचपी, ३.७ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि १४४० च्या आसपास आरपीएम असे आकडे दिसतील. चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र १२० गुणिले ५० भागिले ४, म्हणजे १५०० आरपीएमने फिरतं. रोटर १४४० ने. मधले ६० फेरे म्हणजे स्लिप, ४ टक्के. रोटर जर पूर्ण १५०० ने फिरला तर त्याच्यात करंटच तयार होणार नाही आणि जोरही मिळणार नाही, म्हणून थोडं मागे राहणं त्याला भागच आहे.

सिंगल फेजिंगही तिथेच समजून घ्या. चालत्या मोटरच्या तीनपैकी एक फेज गेला तरी ती घरघरत फिरत राहते, पण उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले नीट सेट नसेल तर मोटर जळते. विहिरीवरच्या मोटरी अशा जळालेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मला जिनिंगमध्ये शिकवणारे म्हातारे मिस्तरी म्हणायचे, "पाटी वाचल्याबिगर मोटरले हात लावाचा नाई." हंगामात रात्रंदिवस जिन चालायचे, सरकी-रुईचा धुराळा उडत असायचा, तरी ते आधी बॅटरी मारून नेमप्लेट वाचायचे. ही सवय मी त्यांच्याकडूनच उचलली, आणि तुम्हीही उचला.

जुने मिस्तरी अजून सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. "दोन सूत घे" म्हटलं की ६.३५ मिमी, हे डोक्यात तयार ठेवा. त्यांना मिमी सांगायला लावू नका, रूपांतर आपण करायचं.

पुस्तकं चेन्नईच्या निमीची (आयटीआयची पुस्तकं काढणारी सरकारी संस्था) घ्या. भारत स्किल्सच्या संकेतस्थळावर अभ्याससाहित्य मिळतं, मोबाइलवर वाचता येतं. आयटीआय झालं की अप्रेंटिसशिप टाळू नका. कोराडी आणि चंद्रपूरची वीज केंद्रं, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, सगळीकडे अप्रेंटिस घेतात. जाहिरात निघण्याची वाट न पाहता अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी आधीच करून ठेवा. आधार कार्डावरचं आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळतं का, तेही आजच पाहा.