फिनटेकचा पहिला अर्ज आणि थ्री-केचा दणका

पेटंट एजंटची परीक्षा देणारी किंवा नुकतीच एखाद्या फर्ममध्ये चिकटलेली मुलंमुली मला अधूनमधून विचारतात, "ताई, फिनटेकच्या फाइली घ्यायच्या का? सगळे म्हणतात थ्री-केमध्ये मरतात."

फिनटेक म्हणजे पैशाच्या व्यवहारांचं तंत्रज्ञान. थ्री-के म्हणजे पेटंट कायद्याचं कलम ३(के): बिझनेस मेथड, म्हणजे धंदा करण्याची पद्धत, आणि नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. तर हो, मरतात. माझ्या हातून एक मेली आहे. बरीच वर्षं झाली, तरी तिचा अर्ज क्रमांक मला एटीएमच्या पिनसारखा पाठ आहे.

मी सांगलीहून कॉम्प्युटरची बी.ई. करून मुंबईत आले. डोंबिवलीत तिघींत एक खोली, सकाळची ८.०४, आणि फोर्टातल्या एका छोट्या फर्ममध्ये पेटंटचे अर्ज लिहायचं, म्हणजे ड्राफ्टिंगचं काम. परीक्षा पास झाले होते. (दोन्ही पेपर आणि तोंडी, प्रत्येकात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के. ज्यांची परीक्षा बाकी आहे त्यांनी कायदा मूळातून वाचावा, क्लासच्या नोट्समधून नको. काही नोट्समध्ये परीक्षणाच्या विनंतीची, म्हणजे 'आमचा अर्ज तपासा' असं पेटंट ऑफिसला कळवायची, मुदत अजून ४८ महिने आहे. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ती ३१ महिने झाली.) कायदा तोंडपाठ होता, म्हणून मला वाटलं आपल्याला काम येतं.

पहिली स्वतंत्र फाइल लोअर परळच्या एका स्टार्टअपची मिळाली. किराणा दुकानदाराच्या खात्यात यूपीआयनं दिवसभरात किती जमा झालं ते बघून त्याला संध्याकाळी छोटं कर्ज द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या जमेतून ते हप्त्याहप्त्यानं वळतं करायचं. कल्पना झकास होती. त्यांनी मला पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड्स, पाठवला, मी खूश. अर्धा ड्राफ्ट आयताच मिळाला म्हणायचा! समस्या काय, तर दुकानदाराला सावकाराकडे जावं लागतं. उपाय काय, तर ताबडतोब कर्ज. फायदे काय, तर कागदपत्रं कमी, बँकेचा वसुलीचा खर्च कमी, ग्राहक टिकून राहतो. शेवटी दाव्यांत, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या वाक्यांत, 'प्रोसेसर' आणि 'मेमरी' घातले आणि अर्ज दाखल.

हे मी आळसानं केलं नव्हतं, अभ्यास करून केलं होतं. कलम २(१)(जेए) मधली 'इन्व्हेंटिव्ह स्टेप'ची व्याख्या उघडून बघा. सध्याच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. त्यातल्या 'आर्थिक महत्त्व' या दोन शब्दांवर मी भाळले. म्हटलं, आपल्याकडे आर्थिक महत्त्वाची कमी कुठे आहे? पानंच्या पानं त्यानं भरली. आता कळतं की मी चुकीच्या कुलपाला किल्ली लावत होते. ती व्याख्या कल्पना सहज सुचण्यासारखी आहे की नाही हे तपासायला आहे. कलम ३(के) ही त्याच्याही आधीची पायरी: ही वस्तू कायद्याच्या नजरेत 'शोध' आहे का? तिथं तुम्ही किती पैसे वाचवता हे सांगत बसलात, तर ही बिझनेस मेथड आहे असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं.

एफईआर, म्हणजे पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल, आला. थ्री-के, बिझनेस मेथड. आणि आधार म्हणून परिच्छेद उद्धृत केले होते ते माझेच. 'वसुलीचा खर्च कमी होतो' हे माझं वाक्य, शब्दाला शब्द. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या अवतरणचिन्हांत वाचताना कानशिलं तापतात, याचा अनुभव घ्यायची गरज नाही.

मी इंजिनिअरला फोन लावला. म्हटलं, यात तांत्रिक असं काही आहे का हो? तो म्हणाला, "तसं काही नाही मॅडम. फक्त ते नेटवर्क गेल्यावर डबल कापलं जायचं ना, ते आम्ही सोडवलं." मग वीस मिनिटं तो बोलत राहिला. बाजाराच्या गर्दीत नेटवर्क जातं, वळतं करण्याचा आदेश पुन्हा पाठवला जातो, सर्व्हरला वाटतं हा नवा आदेश. त्यांनी दुकानदाराच्या उपकरणात, डिजिटल सहीची किल्ली ठेवतात त्या सुरक्षित भागातच, एक काउंटर, म्हणजे आदेश मोजणारा आकडा, ठेवला होता. प्रत्येक आदेशावर त्या काउंटरच्या आकड्यासकट सही व्हायची, आणि सर्व्हर उलटसुलट क्रमानं आलेले आदेशही बरोबर लावायचा. दुप्पट कपात बंद, आणि सर्व्हरला दर वेळी उलट विचारणा करावी लागत नसल्यानं फेऱ्याही कमी. माझा पेन थांबला. शोध हा होता! कर्ज हे त्याच्यावरचं वेष्टन होतं.

जुने मेल उघडून पाहिले. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला लिहिलं होतं: 'रीट्राय वगैरे हँडल केलंय, ते तर नेहमीचंच.' मी ते वाक्य वाचून सोडून दिलं होतं.

आता इथं जरा हळू वाचा, कारण सापळा इथं आहे. मला वाटलं, अजून वेळ आहे. एफईआर निघाल्यापासून उत्तराला सहा महिने असतात, वर तीन महिने वाढवून मिळतात. मी काउंटर दाव्यात घातला, तांत्रिक परिणामावर चार पानं लिहिली, उत्तर पाठवलं. हिअरिंग लागलं. कंट्रोलरनी, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, शांतपणे एकच प्रश्न विचारला: "हा काउंटर मूळ स्पेसिफिकेशनमध्ये कुठल्या पानावर आहे?"

स्पेसिफिकेशन म्हणजे अर्जातलं शोधाचं वर्णन. त्यात तो कुठल्याच पानावर नव्हता. कलम ५९ म्हणतं की दुरुस्ती करता येते ती दावा सोडून देण्यासाठी, चूक सुधारण्यासाठी किंवा स्पष्टीकरणासाठी. मुळात जे उघड केलेलं नाही ते आत आणता येत नाही, आणि दुरुस्त दावा आधीच्या दाव्यांच्या कक्षेतच पूर्ण बसला पाहिजे. म्हणजे अर्ज दाखल केला त्या दिवशी डब्यात जे भरलं, तेवढंच पुढची सगळी वर्षं खायचं. नंतर घरी जाऊन चटणी आणता येत नाही. वरवर वाचताना हे कलम साधं वाटतं, मलाही वाटलं होतं. परीक्षेत त्यावरचा प्रश्न मी बरोबर सोडवला होता!

नवा अर्ज करावा म्हटलं, तर आमचाच अर्ज १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध होऊन बसला होता, ॲप दुकानांत सर्रास चालू होतं, आणि त्या भल्या इंजिनिअरनं एका मीटअपमध्ये काउंटरची आकृती स्लाइडवर काढून दाखवली होती. कलम १५ खाली अर्ज नामंजूर. कलम ११७ए प्रमाणे तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं (आधी ही अपिलं ऐकणारं आयपीएबी हे मंडळ २०२१ मध्ये बंद झालं), पण अपिलात तरी दाखवणार काय?

त्यानंतर मी बरेच दिवस अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनर लोकांना शिव्या घालत होते. मग कॉलेजची एक मैत्रीण पेटंट ऑफिसात एक्झामिनर झाली. चालू फाइलबद्दल तिच्या तोंडून कधी अवाक्षर निघालं नाही, निघूही नये. पण वाचायचं कसं, हे तिनं किंग्ज सर्कलला डोसा खाता खाता सांगितलं. ती आधी दावे वाचते, मग लगेच 'समस्या काय' तो भाग. तिथं ग्राहक, व्याज, सोय, विक्री असेच शब्द दिसले तर पेन्सिलीनं खूण. मग दाव्यातून ते व्यावसायिक शब्द मनातल्या मनात वजा करते आणि उरलेलं बघते. उरला नुसता 'प्रोसेसर' आणि 'मेमरी', तर झालं. उरला संदेशांचा क्रम, किल्ली कुठं राहते, कोण कोणाची ओळख कशी पटवतो, तर ती पुढं प्रायर आर्ट, म्हणजे आधीपासून माहीत असलेलं तसंच काही, शोधायला बसते. पेटंटच्या वर्गीकरणातही हे दिसतं. जी०६क्यू हा व्यवसाय-वाणिज्याचा विभाग, त्यात २० म्हणजे पेमेंट आणि ४० म्हणजे वित्त, विमा. सोबत एच०४एल ९ सारखा कूटलेखनाचा वर्ग लागलेला असला की फाइल जरा वेगळ्या नजरेनं वाचली जाते.

आणि एक्झामिनर फक्त अहवाल देतो, निर्णय कंट्रोलरचा असतो. मी पहिल्यांदा भाबडेपणानं गुरू तेग बहादूर नगर स्टेशनला उतरून अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनापर्यंत, म्हणजे मुंबईच्या पेटंट ऑफिसपर्यंत, चालत गेले होते, 'आपली फाइल कुणाकडे आहे' विचारायला. फाइल चेन्नईच्या कार्यालयाकडे होती. अर्ज मुंबईत केला तरी तपासायला तो देशातल्या चार पेटंट कार्यालयांपैकी कुठेही जातो, आणि हिअरिंग व्हिडिओवर होतं. ओळखीचा उपयोग नाही, हे एका परीनं बरंच आहे.

कायद्याबद्दल तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थोडक्यात. ३(के) मध्ये 'पर से' (म्हणजे नुसता, स्वतःपुरता) हे शब्द फक्त कॉम्प्युटर प्रोग्रॅमला लागलेले आहेत, बिझनेस मेथडला नाहीत. ओपनटीव्हीच्या प्रकरणात २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हेच सांगितलं: बिझनेस मेथडवरची बंदी सरसकट आहे. म्हणून 'आमचा तांत्रिक परिणाम बघा' हा फेरिद अल्लानी खटल्यातल्या २०१९ च्या निकालाचा आधार सॉफ्टवेअरच्या आक्षेपाला लागू पडतो. बिझनेस मेथडच्या आक्षेपाला आधी 'ही बिझनेस मेथड नाहीच' हे दाखवावं लागतं. दोन आक्षेप, दोन वेगळी उत्तरं. नवखे लोक दोन्हींना एकच परिच्छेद चिकटवतात. पण दारं बंद आहेत असंही समजू नका. व्यवहार करताना ग्राहकाची खाजगी माहिती जपण्याच्या एका प्रणालीबाबत मद्रास उच्च न्यायालयानं २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं की पैशाची देवघेव आली म्हणून ती बिझनेस मेथड होत नाही. आणि कुणी जुना सीनियर 'नवं हार्डवेअर दाखवावंच लागतं' म्हणाला तर नम्रपणे मान हलवा आणि विसरा. ती अट पेटंट ऑफिसच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत होती, २०१७ मध्ये गेली.

सीनियरचा विषय निघालाच आहे तर सांगते. तुमचा ड्राफ्ट वाचून 'छान आहे, पाठव' म्हणणाऱ्यापासून जपून राहा. माझ्या पहिल्या साहेबांनी तो कर्जाचा ड्राफ्ट असाच 'छान' म्हणून पाठवला होता. आताचे सर गिरगावातले, तोंडानं फटकळ. ते ड्राफ्टच्या प्रत्येक 'मुळे' या शब्दाला गोल करतात आणि विचारतात, "कशामुळे? यंत्राच्या आत काय बदललं?" दोनदा मी स्वच्छतागृहात जाऊन रडले आहे. तरी फर्म सोडलेली नाही.

दुसरं, अमेरिकेतले दावे उचलून इथं टाकू नका. तिथंही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ॲलिस निकालानंतर आर्थिक व्यवहारांच्या दाव्यांचे हाल आहेतच. शिवाय तिथं पुढचा अर्ज लावत राहायची सोय आहे, तशी इथं नाही. आपल्याकडचा डिव्हिजनल अर्ज, म्हणजे मूळ अर्जातून फोडून काढलेला वेगळा अर्ज, मुळात एकाहून जास्त शोध असतील तरच चालतो. ड्राफ्ट लिहून देणाऱ्या एआयबद्दल माझं मत विचारू नका, तोंड कडू होतं. ते पिच डेकचंच गुळगुळीत इंग्रजी करून देतं.

मी आता काय करते? संस्थापकाशी एकदा बोलते, तेही चहापुरतं. उरलेला वेळ इंजिनिअरशी, शक्यतो मॅनेजर खोलीत नसताना. 'नवीन काय केलं' असं विचारत नाही, कारण त्याला सगळं नेहमीचंच वाटतं. विचारते, काय बिघडत होतं? रात्री दोनला फोन कशासाठी यायचा? पहिला उपाय कुठला केला होता आणि तो का फसला? मग संदेशांची आकृती काढून घेते: कोण कुणाला, काय, कुठल्या किल्लीनं. आधी किती फेऱ्या आणि आता किती, त्यांनी मोजलेले आकडे मागते. आणि 'हे तर नेहमीचंच' हे शब्द आले की तिथंच खुर्ची पुढं ओढते. स्पेसिफिकेशन लांबलं तर लांबू दे, पानांची जादा फी परवडते. पैशांचे फायदे एका वाक्यात, तेही शेवटी. आणि हे सगळं मीटअपच्या आधी, डेमोच्या आधी.

मात्र खरोखरच काहीच तांत्रिक नसेल, नुसतं व्याज मोजायचं नवं सूत्र असेल, तर क्लायंटला तोंडावर सांगा. टोकन, ब्लॉकचेन असले शब्द शिंपडून ते वाचत नाही. वजाबाकी करणारी माझी मैत्रीण तुम्हाला भेटलीच समजा.

आणि एफईआरमध्ये थ्री-के दिसलं म्हणून जेवण सोडू नका. मी पाहिलेल्या फिनटेकच्या जवळजवळ प्रत्येक एफईआरमध्ये ते आहे. तो निकाल नसतो, प्रश्न असतो. उत्तर तुमच्याच पानांत असेल तर पान क्रमांक देऊन दाखवा. हिअरिंगनंतर लेखी म्हणणं मांडायला १५ दिवस मिळतात, त्यात नवं रामायण लिहू नका, बोललात तेच नीट लिहा.

गेल्या वर्षी कार्डाच्या टोकनचा (कार्ड क्रमांकाऐवजी वापरायच्या सांकेतिक आकड्याचा) एक अर्ज केला, तातडीच्या परीक्षणात टाकून. एफईआर आला, थ्री-के होतंच, पण या वेळी अवतरणचिन्हांत माझं एकही वाक्य नव्हतं. सहा परिच्छेद आणि दोन आकृत्यांकडे बोट दाखवून उत्तर दिलं. त्याला चार महिने झाले. हिअरिंगची नोटीस अजून नाही. स्टेटस मी रोज सकाळी लोकलमध्ये बघते, दिवा यायच्या आधी. सरांना सांगू नका.