एटीव्हीच्या इंजिनाला ऑइल कूलर जोडताना
हवेने थंड होणारे एटीव्हीचे (खडबडीत वाटेवर चालणाऱ्या रुंद चाकांच्या छोट्या गाडीचे) इंजिन वाळूत किंवा चिखलात कमी वेगाने, पण जोर लावून चालते, तेव्हा सिलिंडरवरून पुरेसा वारा वाहत नाही आणि तेल तापून पातळ होते. म्हणून तेल थंड करणारा ऑइल कूलर, म्हणजे छोटा रेडिएटर, जोडतात. तो गाडीच्या पुढे, चिखल उडणार नाही अशा उंचीवर, रबरी बुशांवर बसवावा. खरे नाजूक काम जोडणीचे आहे: पंपाकडून येणारे तेल कूलरमधून फिरून पुन्हा मूळ मार्गालाच मिळाले पाहिजे, आणि नळी तेलाचा दाब व १५० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसणारी हवी, पेट्रोलची साधी नळी येथे चालत नाही. नंतर इंजिन काही मिनिटे चालवून गळती तपासावी आणि कूलरमध्ये गेलेल्या तेलाची भर घालावी. थंड प्रदेशात थर्मोस्टॅट (तेल तापेपर्यंत ते कूलरकडे जाऊ न देणारी झडप) अवश्य बसवावा, कारण गार तेलातील ओलावा उडून जात नाही.