गल्लीतील मुलांच्या हाती दारू पडू नये यासाठी काय करावे

व्याख्याने दिल्याने मुले दारूपासून दूर राहतात, हा समज बाजूला ठेवूनच हे काम हाती घ्यावे. अकरावी-बारावीतील मुलाच्या हाती पहिला ग्लास बहुधा ओळखीचाच कोणी मोठा माणूस देतो. त्यामुळे बेळगाव असो, खानापूर असो वा निपाणी, मुलांना उपदेश करण्याआधी दारू त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने येते, हे शोधणे अधिक उपयोगाचे ठरते.

त्यासाठी गल्लीतील पंच, युवक मंडळाचे एकदोन जबाबदार कार्यकर्ते, हायस्कूल किंवा पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजातील एखादे शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि स्त्रीशक्ती संघातील (महिला बचतगटातील) दोघीतिघी अशी लहानशी समिती करावी. महिलांना केवळ संख्येपुरते घेऊ नये. कोणत्या किराणा दुकानात वा पानपट्टीवर दिवेलागणीनंतर ९० मिलिलिटरची पाकिटे मिळतात, हे पंचांआधी त्यांनाच ठाऊक असते.

पुढचे काम कायदा समजून घेण्याचे. कर्नाटकाच्या १९६५ च्या अबकारी कायद्यात १८ वर्षांची मर्यादा असली, तरी १९६७ च्या नियमांनुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला दारू विकता येत नाही. ही मर्यादा १८ वर आणण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला होता, परंतु विरोधामुळे तो मागे घेण्यात आला. चोर्ल्याचा घाट उतरला की गोव्यात मात्र १८ व्या वर्षीच दारू मिळते, तर चंदगडच्या बाजूला महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. कॉलेजातील मुले या फरकाचा हिशेब बरोबर ठेवतात. पालकांनीही तो ठेवावा आणि गोव्याची दारू परवान्याशिवाय इकडे आणणे गुन्हा आहे, हे सहलीआधीच मुलांना सांगावे. १८ वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम मोठ्या अक्षरांत छापून दुकानदाराच्या हाती दिले, तर पुष्कळदा तक्रारीची गरजच उरत नाही.

तरीही विक्री चालूच राहिली, तर ठिकाण, दिवस आणि वेळ नोंदवून अबकारी खात्याकडे व पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतलेला बरा. भाषेचा वाद या कामात आणल्यास दुकानदाराखेरीज कोणाचाही लाभ होत नाही. अर्जात मुलांची नावे मुळीच घालू नयेत.

खरी कसोटी लागते ती गणेशोत्सवाच्या विसर्जन मिरवणुकीत, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री आणि गावच्या लक्ष्मी यात्रेत. वर्गणीच्या पैशातून किंवा एखाद्या देणगीदाराच्या ‘सोयीतून’ ढोल-ताशा पथकातील व ट्रॅक्टरमागे नाचणाऱ्या पोरांना दारू पाजली जाते, हे सर्वांना माहीत असूनही मंडळाच्या बैठकीत त्याविषयी कोणी बोलत नाही. म्हणून वर्गणीची पावतीपुस्तके छापण्यापूर्वीच बैठक घेऊन, दारूवर एक पैसाही खर्च होणार नाही आणि प्यालेल्या कार्यकर्त्याला, मग तो अध्यक्षाचा भाऊ का असेना, मिरवणुकीतून बाहेर काढले जाईल, असा लेखी ठराव करून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मिरवणुकीत पंधरा-वीस मुलांमागे एक न पिणारा मोठा माणूस नेमावा आणि चहा-नाश्त्याची सोय मंडळाने स्वतः करावी, कारण रात्रभर उपाशी नाचणारा मुलगा हातात येईल ते पितो. निवडणुकीच्या दिवसांतही हीच दक्षता लागते.

बाहेरगावची मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात, तेथे घरमालकाने पालकांचा फोन नंबर घेऊन ठेवावा. त्याहून अधिक पाळत सहसा उलटते.

एखादा मुलगा प्यालेला सापडलाच, तर त्याला चावडीवर उभे करणे, त्याचा व्हिडिओ काढणे किंवा कॉलेजला परस्पर कळवणे कटाक्षाने टाळावे. अशी बदनामी झालेला मुलगा तालीम सोडतो, कबड्डीचा संघ सोडतो आणि ज्यांनी पाजली त्यांच्याच सोबतीला जातो. दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीवर असताना, त्याचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाच माणसाने त्याच्याशी व घरच्यांशी बोलावे. पिणे वारंवार होत असल्यास १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या टेलि-मानस (मानसिक आरोग्य) क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मात्र तो हाक मारूनही उठत नसेल, श्वास मंद झाला असेल किंवा अंग गार पडले असेल, तर ताक-लिंबू पाजत बसू नये व उलटी करवू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कोणीतरी त्याच्याजवळच थांबावे.